पदकं तुमची, तलाव कुणाचा? ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. कर्स्टी कॉव्हेंट्री,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती,
लोझान, स्वित्झर्लंड

विषय : मोठ्या स्पर्धांसाठी बांधलेली क्रीडास्थळं स्पर्धेनंतर लोकांच्या रोजच्या वापराची केंद्रं व्हावीत, याची सोय करारातच करण्याबाबत

महोदया,
स. न. वि. वि.

तुम्ही पाच ऑलिंपिकमध्ये पोहलात. सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन आणि रिओ. सात पदकं, त्यांत दोन सुवर्ण. ही यादी कुठेही सापडते. मला दुसरी एक यादी हवी आहे आणि ती कुणी फारशी काढत बसत नाही. ज्या पाच तलावांत तुम्ही पोहलात, त्यांत तुमच्यानंतर कोण पोहलं?

सिडनीपासून सुरुवात करतो. तिथलं जलतरण केंद्र १९९४ मध्येच लोकांसाठी उघडलं होतं, म्हणजे स्पर्धेच्या सहा वर्षं आधी. तुम्ही २००० साली त्या पाण्यात उतरलात तेव्हा शेजारपाजारची मुलं तिथे केव्हाच पोहायला शिकून गेली होती. स्पर्धेपुरते जादा स्टँड लावले, स्पर्धा आटोपल्यावर काढले, आणि तलाव परत आपल्या कामाला लागला. ना वाद, ना घोटाळा. त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

अथेन्समध्ये २००४ साली दोनशे मीटर बॅकस्ट्रोकचं, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या शर्यतीचं, सुवर्ण तुम्ही उघड्या आभाळाखाली जिंकलंत. मूळ आराखड्यात त्या तलावावर छप्पर होतं. कामं लांबत गेली, तारीख तर पुढे ढकलता येत नव्हती, मग छप्परच वगळलं. बॅकस्ट्रोकवाले छताकडे बघून आपली रेघ सरळ ठेवतात, म्हणजे त्या घाईचा फटका इतरांपेक्षा तुम्हालाच जास्त बसला असणार. पण तुमची शर्यत काही मिनिटांत संपली. त्याच घाईत, जुन्या विमानतळाच्या जागेवर, हेलिनिकॉनला जे बांधलं गेलं ते मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. सॉफ्टबॉलच्या मैदानात गवत माजलं, कनू स्लॅलमचा, म्हणजे खळाळत्या पाण्यातल्या होडीच्या शर्यतीचा, कृत्रिम प्रवाह कोरडा पडला. अथेन्सचं सगळंच वाया गेलं असं मात्र नाही. बॅडमिंटनच्या हॉलचं नाट्यगृह झालं, प्रक्षेपण केंद्राचा मॉल झाला. पण हे सगळं सुचलं ते वरातीमागून घोडं म्हणतात तसं. ज्या इमारतीला गिऱ्हाईक मिळालं ती वाचली, बाकीच्या कुंपणाआड गेल्या.

बीजिंगच्या वॉटर क्यूबचा अर्धा भाग २०१० मध्ये वॉटर पार्क झाला. जिथे विश्वविक्रम मोडले तिथे घसरगुंड्या आल्या म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला त्यात काही वावगं दिसत नाही. पोरं ओरडत पाण्यात पडतायत, याहून चांगला वापर कोणता? पुढे २०२२ च्या हिवाळी स्पर्धेत त्याच तलावाच्या जागी बर्फ केला आणि कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ, खेळवला.

लंडनवर जरा थांबतो, कारण तिथे बघण्यासारखं बरंच आहे. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी रचलेल्या त्या जलतरण केंद्रात तुम्ही पोहत होतात तेव्हा १७,५०० प्रेक्षक बसू शकत होते. त्यांपैकी सुमारे १५,००० आसनं इमारतीच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या तात्पुरत्या पंखांत होती. स्पर्धेनंतर पंख उतरवले, तिथे काचेच्या भिंती बसवल्या, २,५०० आसनं ठेवली आणि १ मार्च २०१४ ला दारं उघडली. खरी हुशारी पाण्याखाली आहे. तलावाचा तळ वरखाली होतो. स्पर्धेचा तलाव दोन-तीन मीटर खोल असतो. त्यात सात वर्षांच्या मुलाचे पाय टेकणं सोडाच, त्याच्या आईचेही टेकत नाहीत. तळ वर घेतला की तोच तलाव शिकाऊ मुलांचा होतो. मधे सरकता कठडा आणला की एकीकडे सराव चालतो, दुसरीकडे पाण्यातले व्यायाम. हे सगळं नंतर खोदकाम करून बसवायचं म्हटलं असतं तर कुठल्या नगरपालिकेला परवडलं असतं? तळ हलता ठेवायचा हे कागदावर रेघ मारण्याआधीच ठरलं होतं.

आणि लंडनच्या त्याच ऑलिंपिक बागेत, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, मुख्य स्टेडियम आहे. त्याचं पुढे काय करायचं हे वेळेत ठरलं नाही. शेवटी ते फुटबॉल क्लबच्या गरजेप्रमाणे बदलायला ३० कोटी पौंडांहून जास्त खर्च आला. शहर एक, स्पर्धा एक, पैसा ओतणारे हातही बहुतेक तेच. एका इमारतीचं दुसऱ्या दिवशीचं चित्र आधी काढलेलं होतं, दुसरीचं नव्हतं.

रिओचा तलाव तात्पुरताच होता. तो उकलून दुसरीकडे दोन तलाव बांधायचे असं जाहीर झालं होतं. हँडबॉलच्या आखाड्याच्या सामानातून चार शाळा उभ्या राहणार होत्या. कल्पना सुरेख, पण स्पर्धा संपल्यावर घोंगडं भिजत पडलं. २०१७ च्या सुरुवातीला सरावाच्या तलावातल्या गढूळ, तपकिरी पाण्याचे फोटो जगभर फिरले. मला जास्त खुपतं ते रिओच्या डिओडोरो भागातलं. तिथला कनू स्लॅलमचा तलाव स्पर्धेच्या आधीच्या उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांना डुंबायला खुला केला होता. समुद्रकिनारा त्यांच्यापासून लांब. उकाड्यात अख्खी कुटुंबं तिथे येऊन पाण्यात बसायची. स्पर्धा झाली, वर्ष संपलं आणि फाटकाला कुलूप लागलं. ते पुन्हा उघडायला लोकांना वाट बघावी लागली. ज्यांनी तलावाची गरज आधीच दाखवून दिली होती, त्यांच्याच तोंडावर दार बंद झालं.

हे झाले पाच. सहावा तलाव तुमच्या देशातला, झिम्बाब्वेतला आहे. १९९५ च्या ऑल आफ्रिका गेम्ससाठी हरारेजवळ चितुंगविझाला जलतरण संकुल बांधलं होतं. त्याची पुढे जी दुरवस्था झाली ती मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पोहणाऱ्यांऐवजी प्रार्थनासभा आणि गाण्याचे कार्यक्रम हीच त्याची ओळख उरली. तुम्ही झिम्बाब्वेच्या क्रीडामंत्री होतात. बांधण्याला पैसा मिळतो, फीत कापायला मंत्री मिळतात, पण दर महिन्याचं क्लोरीन आणि पंपाचं वीजबिल कुणाच्याच खात्यात बसत नाही, हे तुम्ही फायलींवर बघितलेलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. याआधीच्या कुठल्या अध्यक्षांना लिहिलं असतं तर पहिली पाच पानं समजावण्यातच गेली असती.

माझं म्हणणं थोडक्यात असं. स्पर्धेचं स्थळ बांधून नंतर त्याचं लोकांसाठी केंद्र करायचं, हा क्रमच उलटा आहे. केंद्र लोकांसाठी बांधायचं आणि ते पंधरवड्यापुरतं स्पर्धेला उसनं द्यायचं. लग्नाचा मांडव आणि राहतं घर यांत आपण गल्लत करत नाही. खेळांच्या बाबतीत मात्र शहरंच्या शहरं मांडवात संसार थाटायला निघतात.

हे फक्त बोलायला सोपं आहे असं वाटत असेल, तर कॅनडातल्या रिचमंडकडे बघा. व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी स्पर्धेतलं स्पीड स्केटिंग, म्हणजे बर्फावरच्या वेगाच्या शर्यती, रिचमंड शहरात फ्रेझर नदीकाठच्या 'ओव्हल' या बंदिस्त क्रीडागृहात झालं. आधी ही जागा बर्नाबी शहरातल्या विद्यापीठात ठरली होती. खर्चाचं गणित जमेना म्हणून रिचमंडला आली. खर्च १७.८ कोटी कॅनडियन डॉलर, प्रेक्षक सुमारे आठ हजार, आत चारशे मीटरचा बर्फाचा ट्रॅक. डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या वर्षभर आधी, तो लोकांसाठी उघडला. स्पर्धा झाल्यावर तो लंबगोल बर्फ फोडून काढला. आज तिथे बर्फाचे दोन रिंक आहेत, लाकडी तळाची कोर्टं आहेत, धावायचा ट्रॅक आहे, व्यायामशाळा आणि चढायची भिंत आहे. बास्केटबॉलपासून टेबल टेनिसपर्यंत सगळं एका छपराखाली चालतं. ते छप्परही बघण्यासारखं आहे. शंभर मीटरच्या आसपास गाळा, मधे एक खांब नाही, आणि खालून दिसणारं लाकूड बरंचसं भुंग्यानं मारलेल्या पाइनच्या झाडांचं. मधे खांब नसल्यामुळेच आतली मांडणी वाट्टेल तशी बदलता आली.

रिचमंडची तीन कामं मला महत्त्वाची वाटतात. मालक शहर होतं, स्पर्धेची आयोजन समिती नव्हे. आयोजन समिती स्पर्धेनंतर विसर्जित होते, मग तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं? शहर कुठे जात नाही. पुढच्या निवडणुकीत त्यालाच तोंड द्यावं लागतं. दुसरं, 'नंतरची' इमारत आधी रेखाटली होती आणि शर्यतीचा ट्रॅक तिच्या पोटात बसवला होता. तिसरं काम कमी चर्चेतलं, पण माझ्या मते सर्वांत मोलाचं. केंद्र आणि प्रांत सरकारांनी मिळून ११ कोटी डॉलरचा कायम निधी आधीच बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या उत्पन्नातून ओव्हलला आणि त्याच स्पर्धेच्या व्हिस्लर गावातल्या दोन केंद्रांना चालवायचा खर्च भागवायला हातभार लागतो. बांधकामाचा खर्च सगळे मोजतात, चालवण्याचा खर्च सहसा कुणी मोजत नाही. तलाव आणि बर्फ या दोन गोष्टी तर रात्री लोक झोपल्यावरही पैसे खातात.

यात कुणाचं काही गेलंच नाही असं म्हणणार नाही. बर्फाचा मोठा ट्रॅक काढल्यावर त्या भागातल्या स्पीड स्केटिंगवाल्यांच्या हातातून घरचं मैदान निसटलं. मोठ्या ट्रॅकसाठी त्यांना कॅलगरी गाठावं लागतं. तिथे १९८८ च्या स्पर्धेचा ओव्हल विद्यापीठाच्या आवारात आजही चालू आहे. तरीही शहराचा निर्णय मला पटतो. शे-दोनशे स्केटरांसाठी दोन हेक्टरांहून मोठं छप्पर वर्षभर गार ठेवायचं, की हजारो लोकांना रोज घाम गाळायला द्यायचं? पण हा निर्णय उघडपणे, आधी सांगून घ्यायला हवा. खेळाडूंना आशेवर ठेवायचं आणि नंतर हात झटकायचे, असं नको. आणि आणखी एक. नदीकाठी असं केंद्र आलं की आजूबाजूला महागड्या इमारती उभ्या राहतात, तशा रिचमंडलाही राहिल्या. केंद्र ज्यांच्यासाठी काढलं त्यांना जवळ राहणंच परवडेनासं होऊ नये, हे शहर नियोजनवाल्यांचं काम आहे. तुमच्या करारात त्याची नुसती आठवण असली तरी चालेल.

आता जरा खिळे-मोळ्यांचं बोलू, कारण अशी स्थळं बहुतेकदा मोठ्या निर्णयांपेक्षा बारीक गोष्टींवर अडतात. प्रक्षेपणासाठी लागणारे दिवे संध्याकाळच्या बॅडमिंटनला लागणाऱ्या दिव्यांहून कितीतरी पट प्रखर असतात. सगळ्यांचं बटण एकच ठेवलं तर चार जणांच्या खेळासाठी अख्खा हॉल उजळून निघतो आणि बिल बघून व्यवस्थापक पहिल्या वर्षीच वेळ कमी करतो. चेंजिंग रूम संघांसाठी बांधलेल्या असतात, मोठ्या आणि उघड्या. लहान मुलीला घेऊन आलेल्या वडिलांनी कुठे जायचं? व्हीलचेअरवरच्या माणसाला प्रेक्षक म्हणून रांगेत जागा असते, पण पाण्यात उतरायला सोय नसते. स्पर्धेच्या तलावाचं पाणी नियमाप्रमाणे २५ ते २८ अंशांवर ठेवतात. त्यात जोरात पोहणाऱ्याला बरं वाटतं, पण तान्ह्या मुलाचे आणि गुडघे धरलेल्या आजीचे दात वाजतात. शिकाऊ तलावाची पाइपलाइन, हीटर, गाळणी वेगळी नसेल तर दोघांपैकी एकाला घरी बसावं लागतं. मोठ्या हॉलमध्ये आवाज इतका घुमतो की शिकवणाऱ्याला दहा फुटांवरच्या मुलांशी ओरडून बोलावं लागतं. सामान ठेवायला कोठ्या नसतात, कारण स्पर्धेत सामान बाहेरच्या तंबूत असतं. मग जाळ्या, चटया, टेबलं मोकळ्या रस्त्यात रचली जातात आणि एखादं कोर्ट कायमचं गोदाम होऊन बसतं.

दाराचंही तेच. स्पर्धेचं स्थळ सुरक्षेच्या कड्यात असतं. एक भव्य प्रवेशद्वार, त्यापुढे फरसबंद पटांगण, आणि मग लांबलचक चाल. वस्तीच्या बाजूला भिंत असते. बसथांबा दिसतो समोर, पण वळसा अर्ध्या किलोमीटरचा. रोज येणारा माणूस दोनदा चालतो, तिसऱ्यांदा येत नाही. वस्तीच्या बाजूचं एक साधं दार आराखड्यातच असलं, आणि स्पर्धेच्या काळात ते बंद ठेवलं, तर बिघडतं कुठे?

आता तुमच्या समितीच्या आकड्याकडे येतो. २०२२ मध्ये समितीनं १८९६ पासूनच्या स्थळांचा आढावा प्रसिद्ध केला आणि सांगितलं की कायमस्वरूपी स्थळांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आजही वापरात आहेत. आकडा चांगला आहे, 'पांढरा हत्ती' म्हणून सरसकट हिणवणाऱ्यांना तो ऐकवलाही पाहिजे. पण या मोजणीत लंडनचा तलाव आणि लंडनचं स्टेडियम एकाच रकान्यात बसतात. एकात सकाळी कामावर जाण्याआधी कुणीही तिकीट काढून पोहून येतं, दुसऱ्यात सामन्याचं तिकीट असेल तरच आत जाता येतं आणि तेही बसून बघायला. ट्यूरिनच्या २००६ च्या स्केटिंग ओव्हलचं पुढे प्रदर्शनाचं दालन झालं. वापर झाला, नाही कोण म्हणतं? गंमत अशी की वीस वर्षांनी मिलानच्या स्पर्धेसाठी स्केटिंगचा ट्रॅक प्रदर्शन केंद्राच्या दालनांत तात्पुरता घातला गेला. ही मात्र शहाणपणाची वाट होती. जिथे रोजची गरजच नाही तिथे तात्पुरतंच करावं. प्रत्येक स्थळाचं लोककेंद्र झालंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, घसरपट्टीवर कुणाच्या आजोबांना संध्याकाळी फेरफटका मारता येणार आहे?

गरज कुठे आहे हे बघायचं असेल तर पॅरिसच्या उत्तरेला बघा. सेन-सँ-दनी या जिल्ह्यात माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना पोहता येत नाही, ही गोष्ट २०२४ च्या तयारीत वारंवार मांडली गेली. म्हणून नवा जलतरण तलाव तिथे बांधला आणि जून २०२५ मध्ये तो लोकांना खुला झाला. पोहण्याच्या मुख्य शर्यती मात्र बंदिस्त स्टेडियमातल्या तात्पुरत्या तलावात झाल्या. जे कायम राहणार ते गरज आहे तिथे, आणि जे दिखाव्याचं ते तात्पुरतं. इतकं सरळ असू शकतं हे.

तुम्ही पद स्वीकारल्यावर थांबून विचार करायची प्रक्रिया सुरू केलीत. त्या विचारात माझ्या मागण्या घ्याव्यात.

यजमान शहराशी होणाऱ्या करारात आधी 'नंतरचा' आराखडा मागा. किती कोर्टं, किती खोलीचे तलाव, वस्तीच्या बाजूचं दार, दिव्यांची बटणं, चालवणारी संस्था, सगळं. तो मंजूर होईपर्यंत प्रेक्षकांच्या आसनांची चर्चाच नको. मग त्यावर स्पर्धेसाठी जे लागेल ते तात्पुरतं चढवा.

पहिली वीट बसण्याआधी देखभालीचा निधी बँकेत पडलेला असावा. तुमची समिती सांगते की उत्पन्नाचा ९० टक्के भाग ती खेळांकडे परत वळवते. त्यातला यजमानाच्या वाट्याचा एक हिस्सा थेट अशा निधीत घाला, म्हणजे तो आतषबाजीवर खर्चच करता येणार नाही. तलाव बांधणाऱ्याला अनुदान आणि चालवणाऱ्याला शुभेच्छा, हा प्रकार आता पुरे.

आणि मोजणी बदला. प्रत्येक स्थळ आठवड्यात किती तास सर्वसामान्यांना खुलं असतं, प्रवेशशुल्क त्याच शहरातल्या साध्या सार्वजनिक तलावाच्या तुलनेत किती, जवळच्या शाळांना किती वेळ राखून ठेवला आहे, एवढे तीन आकडे स्पर्धेनंतर दहा वर्षं दरवर्षी प्रसिद्ध करायला लावा. एका पानावर मावतील. 'सामुदायिक केंद्र' अशी पाटी लावून आत महागड्या सभासदत्वाचं क्लबहाउस चालवणाऱ्यांची त्या पानावर पंचाईत होईल, आणि व्हायलाच हवी.

लॉस एंजेलिस २०२८ साठी नवी कायम स्थळं बांधायची नाहीत असं ठरलेलंच आहे, तेव्हा तिथे फार करण्यासारखं नाही. ब्रिस्बेन २०३२ ची गोष्ट वेगळी. तिथे व्हिक्टोरिया पार्क या सार्वजनिक बागेत ६३,००० आसनांचं नवं स्टेडियम ठरलं आहे आणि शेजारीच राष्ट्रीय जलतरण केंद्र. म्हणजे लोकांची फिरायची, बसायची जागा आधी घेतली जाणार आहे. घेणाऱ्याकडून परत काय मिळणार, किती तास, किती पैशांत, हे लेखी मागायची वेळ स्टँड चढण्याआधीची आहे. जलतरण केंद्राचा 'नंतरचा' आराखडा आणि बागेतली किती मोकळी जागा उरणार याचा नकाशा, हे दोन कागद तुमच्या समितीनं ब्रिस्बेनकडून मागवावेत आणि आल्यावर जसेच्या तसे सगळ्यांसमोर ठेवावेत.

उत्तराची वाट बघतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सार्वजनिक तलावाचा एक साधा सभासद